विश्लेषण : हॉटेलातली, शेअर बाजारातली, पोलिसांची… 'टिप' म्हणजे नेमके काय?

सकाळी मोबाइल हाती घेतला की 'केस गळू नयेत म्हणून ५ टिप्स' समोर येतात. दुपारी जेवण मागवताना ॲप 'डिलिव्हरी पार्टनरला टिप द्या' असे सुचवते. संध्याकाळी अनोळखी क्रमांकावरून 'उद्याची जॅकपॉट टिप' येते आणि रात्रीच्या बातम्यांत 'पोलिसांना मिळालेल्या टिपवरून छापा' पडतो. शब्द एकच, पण पहिल्या ठिकाणी तो सल्ला आहे, दुसऱ्या ठिकाणी पैसा, तिसऱ्या ठिकाणी बहुधा सापळा आणि चौथ्या ठिकाणी खबर. एकाच शब्दाला इतके अर्थ कसे चिकटले आणि त्यातला फरक न ओळखल्यास खिशाला कसा फटका बसतो, याविषयी…

'टिप' हा शब्द आला कुठून?

इंग्रजीत एकसारखे लिहिले जाणारे, पण वेगवेगळ्या अर्थांचे तीन 'टिप' आहेत. पहिल्याचा अर्थ टोक. बोटाचे टोक, पेन्सिलीचे टोक, हिमनगाचे टोक हे सारे त्यातले. दुसऱ्याचा अर्थ कलणे किंवा कलंडणे. वाळू-खडी ओतणाऱ्या वाहनाला आपण 'टिपर' म्हणतो, तो यातला. तराजूचे पारडे ज्या क्षणी एका बाजूला झुकते, त्यावरून आलेला 'टिपिंग पॉइंट' हा शब्दही याच घरातला. तिसऱ्याचा अर्थ देणे, हळूच पुढे सरकवणे. बक्षिसी, सल्ला आणि गुप्त बातमी हे तिन्ही अर्थ या तिसऱ्या 'टिप'मधून निघाले.

हा तिसरा 'टिप' सतराव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमधील चोर-भामट्यांच्या सांकेतिक भाषेत दिसतो. तिथे त्याचा अर्थ होता, एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात देणे. पुढे शंभरेक वर्षांत तो सभ्य बोलीत शिरला. जॉर्ज फार्कर या नाटककाराच्या १७०७च्या 'द बोज स्ट्रॅटेजम' या नाटकात एक पात्र चर्चमधल्या सेवकाला अर्ध्या क्राउनची टिप देते आणि बसायला सर्वांत चांगली जागा मिळवते. बक्षिसी या अर्थाच्या सुरुवातीच्या नोंदींमध्ये या प्रसंगाचा दाखला दिला जातो. गंमत अशी, की हे पैसे खूश होऊन दिलेले नाहीत. ते काम करून घेण्यासाठी दिलेले आहेत. म्हणजे बक्षिसी आणि लाच यांच्यातली सीमारेषा तेव्हाही पुसटच होती.

मग तो 'सल्ला' आणि 'गुप्त बातमी' कसा झाला?

हळूच सरकवायची वस्तू पैसाच असली पाहिजे असे नाही, ती माहितीही असू शकते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर इंग्लंडमध्ये घोड्यांच्या शर्यतींवर मोठा जुगार चाले. कोणता घोडा लंगडतो आहे, कोणता जोमात आहे, ही तबेल्यातली बातमी बाहेर सरकवली, की ती झाली 'टिप'. अशी बातमी विकणाऱ्याला 'टिपस्टर' म्हटले जाऊ लागले. रेसकोर्सवरून हा शब्द शेअर बाजारात गेला, पोलीस ठाण्यात गेला आणि हळूहळू स्वयंपाकघरातही आला. भाजीचा रंग टिकवायचा असेल तर काय करावे, हे सांगणेही टिपच झाली. माहिती उघड झाली तरी शब्दातला 'खास तुझ्यासाठी, कुणाला सांगू नको' हा भाव उरलाच. 'सल्ला' म्हटले की कंटाळा येतो आणि 'टिप' म्हटले की बोट आपसूक त्यावर जाते, त्याचे एक कारण हे आहे.

'टिप' हे आद्याक्षरांचे लघुरूप आहे का?

'सेवा तत्पर मिळावी म्हणून' या अर्थाच्या तीन इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे जुळवून 'टिप' हा शब्द तयार झाला, जुन्या लंडनमधील कॉफीगृहांत तसे लिहिलेली पेटी असे, ही कथा व्हॉट्सॲपवर वर्षानुवर्षे फिरते आहे. ती ऐकायला छान असली तरी खरी नाही. आद्याक्षरे जुळवून बोलण्यातला शब्द करण्याची पद्धत इंग्रजीत प्रामुख्याने विसाव्या शतकात रुळली. 'टिप' त्याच्या तीनशे वर्षे आधीपासून वापरात आहे आणि सुरुवातीला ते क्रियापद होते. पेटीवरचा मजकूर म्हणून नव्हे, तर हातोहात सरकवण्याची क्रिया म्हणून हा शब्द जन्मला. आद्याक्षरांची ही कथा नंतर कुणी तरी त्याला चिकटवली.

मराठीतील 'टीप' हीच का?

नाही. मराठीची 'टीप' दीर्घ आहे आणि तिचे घराणे वेगळे आहे. संस्कृत 'टिप्पणी'शी नाते सांगणारी टीप म्हणजे नोंद किंवा स्पष्टीकरण. पानाच्या तळाशी असते ती तळटीप. जाहिरातीच्या शेवटी बारीक अक्षरांत 'टीप : अटी लागू' असते तीही हीच. टिपण, टिपणवही आणि सरकारी फायलीवरची टिप्पणी ही तिची भावंडे. शाई शोषून घेणारा टिपकागद, चिमणीने दाणे टिपणे, छायाचित्रकाराने क्षण टिपणे यांत 'टिपणे' म्हणजे नेमके उचलून घेणे. शिंप्याची टीप म्हणजे शिवण. गाण्यातला टिपेचा सूर म्हणजे सर्वांत वरचा सूर, म्हणूनच भांडणही 'टिपेला पोहोचते'.

इंग्रजी 'टिप' आणि मराठी 'टीप' यांच्यातला फरक अनेकवचनात लगेच कळतो. पुस्तकाच्या शेवटी 'टिपा' असतात, सौंदर्याच्या मात्र 'टिप्स' असतात. अर्थाने पाहिले तर दोघींची दिशाच उलटी आहे. मराठीतले टिपणे म्हणजे स्वतः पाहून, वेचून घेणे. इंग्रजी टिप म्हणजे दुसऱ्याने दिलेले घेणे.

आणखी एक फरक महत्त्वाचा आहे. इंग्रजी एका शब्दात जे भरते, त्यासाठी मराठीत वेगवेगळे शब्द आहेत. काम झाल्यावर खुशीने दिली जाते ती बक्षिसी. दिवाळीला पोस्टमन, कामवाल्या मावशी, सफाई कामगार यांना दिले जाते ते पोस्त. काम व्हावे म्हणून आधीच हातावर ठेवली जाते ती चिरीमिरी. अनुभवी माणूस आपल्या माणसाला देतो तो कानमंत्र. पोलिसांना मिळते ती खबर. आणि गळाला लावलेले असते ते आमिष. या सहा शब्दांपैकी कोणताही उच्चारला की देणाऱ्याचा हेतू आपोआप सांगितला जातो. 'टिप' म्हटले की तो झाकला जातो.

हिंट, क्लू आणि टिप यांत फरक काय?

'हिंट' अर्धवट असते. कोडे घालणारा ती देतो आणि उरलेले आपण शोधावे अशी त्याची अपेक्षा असते. 'क्लू' कुणी देत नाही, तो सापडतो. मुळात या शब्दाचा अर्थ होता सुताचा गुंडा. ग्रीक पुराणकथेत थीसियस हा वीर चक्रव्यूहासारख्या भुलभुलैयात शिरतो आणि एरियाडनीने दिलेल्या सुताच्या आधाराने बाहेर पडतो. त्यावरून उकल करायला मदत करणारी गोष्ट म्हणजे 'क्लू' झाला. मराठी बातम्यांत पोलिसांच्या हाती 'धागेदोरे' लागतात, तीही नेमकी हीच प्रतिमा आहे.

'टिप' या दोन्हींपेक्षा वेगळी, कारण ती तयार उत्तर देते. अमुक शेअर घ्या, तमुक तेल लावा, या पत्त्यावर छापा घाला. शोधण्याचे कष्ट वाचतात, पण तपासण्याची सवयही सुटते. टिप घेणाऱ्याचा सगळा भरवसा देणाऱ्यावर असतो. त्यामुळे टिप काय आहे याइतकेच ती कोण आणि का देतो आहे, हे महत्त्वाचे ठरते.

हॉटेलात टिप देणे सक्तीचे आहे का?

भारतात नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने (सीसीपीए) ४ जुलै २०२२ रोजी मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. हॉटेल वा रेस्टॉरंटने बिलात आपोआप सेवाशुल्क म्हणजे 'सर्व्हिस चार्ज' लावू नये, दुसऱ्या नावानेही ते वसूल करू नये आणि ते दिले नाही म्हणून प्रवेश वा सेवा नाकारू नये, असे त्यात म्हटले आहे. रेस्टॉरंट संघटनांनी त्याला आव्हान दिले. २८ मार्च २०२५ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकल पीठाने ही तत्त्वे वैध ठरवली आणि याचिकाकर्त्या संघटनांना प्रत्येकी एक लाख रुपये भरण्यास सांगितले. त्याविरुद्ध संघटनांनी खंडपीठाकडे अपील केले.

इथे तीन गोष्टींची गल्लत होते. जीएसटी हा सरकारचा कर असल्याने तो द्यावाच लागतो. सेवाशुल्क हॉटेलने लावलेले असते, ते काढून टाकायला सांगता येते. टिप ग्राहकाच्या मर्जीची असते. बिलावर १० टक्के सेवाशुल्क असताना वर पुन्हा वेटरला टिप देणारे अनेक जण असतात, कारण आधीची रक्कम कशाची हे त्यांनी वाचलेलेच नसते. सेवाशुल्क काढायला नकार मिळाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते.

'ॲडव्हान्स टिप'वरून वाद का झाला?

मे २०२५ मध्ये टॅक्सी बुक करण्याआधीच जादा पैसे देऊ करण्याची सोय ॲपवर दिसू लागली. आधी टिप कबूल केली तर गाडी लवकर मिळू शकेल, असा तिचा अर्थ होता. ग्राहक व्यवहारमंत्री प्रल्हाद जोशी यांनी त्याला आक्षेप घेतला आणि सीसीपीएने उबर कंपनीला नोटीस बजावली. टिप ही सेवेनंतर दाखवलेली पसंती आहे, सेवेची अट नव्हे, असा सरकारचा मुद्दा होता.

पावसात, रात्री उशिरा किंवा रुग्णालयात जाण्याच्या घाईत असलेल्या माणसासमोर 'आणखी ५० रुपये द्या' असे बटण आले, तर ते मर्जीचे राहत नाही. चालकाची बाजूही आहे. भाडे परवडत नाही म्हणून फेरी नाकारणाऱ्याला ही रक्कम हवीच असते. पण मग प्रश्न भाड्याचा आहे आणि तो भाड्यातच सुटायला हवा. मराठीत विचारून पाहिले तर गुंता सुटतो. प्रवास संपल्यावर दिली ती बक्षिसी. गाडी यावी म्हणून आधी कबूल केली ती जादा भाड्याची बोली. दोन्हींना 'टिप' म्हटले की दुसरी पहिलीच्या आड लपते.

अमेरिकेत टिप टाळता का येत नाही?

शिक्षणासाठी किंवा मुलांकडे अमेरिकेत गेलेल्या मराठी माणसाला पहिल्या आठवड्यातच जो धक्का बसतो, तो याचा. बसून जेवायच्या रेस्टॉरंटमध्ये बिलावर १५ ते २० टक्के टिप देण्याचा तिथे रिवाज आहे. त्यामागे वेतनाचे गणित आहे. संघराज्याच्या कायद्यानुसार किमान वेतन ताशी ७.२५ डॉलर आहे. पण ज्यांना टिप मिळते अशा कर्मचाऱ्यांना मालकाने स्वतःच्या खिशातून ताशी फक्त २.१३ डॉलर दिले तरी चालतात. उरलेली रक्कम टिपमधून भरून निघेल, असे गृहीत धरले जाते आणि ती निघाली नाही तर फरक मालकाने द्यायचा असतो. टिपमधून वेतन भरून काढण्याची ही मुभा १९६६च्या दुरुस्तीने आली आणि २.१३ डॉलरचा आकडा १९९१ पासून बदललेला नाही. कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांत मात्र ही मुभा नाही, तिथे पूर्ण किमान वेतन द्यावेच लागते.

म्हणजे तिथे टिप ही बक्षिसी कमी आणि ग्राहकाने परस्पर दिलेला पगार जास्त आहे. याच अमेरिकेत एकेकाळी टिपला तीव्र विरोध होता. वॉशिंग्टन राज्याने १९०९ मध्ये टिपवर बंदी घातली आणि इतर काही राज्यांनी तिचे अनुकरण केले. टिप घेणे-देणे हे लोकशाहीला न शोभणारे सरंजामी वर्तन आहे, असा टीकाकारांचा युक्तिवाद होता. १९२६ पर्यंत हे कायदे मोडीत निघाले. आता ४ जुलै २०२५ रोजी मंजूर झालेल्या कायद्याने २०२५ ते २०२८ या वर्षांसाठी वार्षिक २५ हजार डॉलरपर्यंतच्या टिपवर प्राप्तिकरात वजावट दिली आहे. पण ती स्वेच्छेने मिळालेल्या टिपवरच आहे, सक्तीच्या सेवाशुल्काला ती लागू नाही.

ब्रिटनने दुसरा प्रश्न हाताळला आहे, तो म्हणजे ग्राहकाने दिलेली टिप नेमकी कुणाच्या खिशात जाते? १ ऑक्टोबर २०२४ पासून तिथे मालकाने टिपची पूर्ण रक्कम कर्मचाऱ्यांना न्याय्य पद्धतीने वाटणे बंधनकारक झाले. जपानमध्ये तर टिप देण्याची पद्धतच नाही. चांगली सेवा देणे हे कामाचाच भाग मानले जाते आणि टेबलावर ठेवलेले पैसे विसरलेत असे समजून वेटर मागे धावत येऊ शकतो.

शेअर बाजारातील टिप गुन्हा कधी ठरते?

२३ सप्टेंबर २००८. आर्थिक संकटात अमेरिकेतील बँका कोसळत होत्या. गोल्डमन सॅक्सच्या संचालक मंडळाने फोनवर झालेल्या बैठकीत वॉरन बफे यांच्या बर्कशायर हॅथवेची पाच अब्ज डॉलरची गुंतवणूक मंजूर केली. बैठक संपल्यावर काही सेकंदांतच संचालक रजत गुप्ता यांनी हेज फंड चालवणाऱ्या राज राजरत्नम यांना फोन केला. बाजार बंद व्हायला काही मिनिटे उरली असताना राजरत्नम यांच्या फंडाने गोल्डमनचे शेअर घेतले. गुंतवणुकीची बातमी त्यानंतर जाहीर झाली. राजरत्नम यांना २०११ मध्ये ११ वर्षांची शिक्षा झाली. मॅकिन्से या सल्लागार कंपनीचे प्रमुख राहिलेले गुप्ता २०१२ मध्ये दोषी ठरले. त्यांना दोन वर्षांचा तुरुंगवास आणि ५० लाख डॉलरचा दंड झाला.

अमेरिकी कायद्याच्या भाषेत अशी बातमी देणाऱ्याला 'टिपर' आणि घेणाऱ्याला 'टिपी' म्हणतात. दोषी कुणाला धरायचे, याचा एक निकष तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये डर्क्स खटल्यात घालून दिला. टिप देणाऱ्याला त्यातून वैयक्तिक लाभ झाला का, हा तो प्रश्न. लाभ म्हणजे रोख रकमच असे नाही. मित्राला किंवा नातेवाइकाला दिलेली भेट म्हणूनही टिपकडे पाहिले जाऊ शकते.

भारतात सेबीचे २०१५चे इनसायडर ट्रेडिंगविरोधी नियम लागू आहेत. शेअरच्या भावावर परिणाम करू शकणारी, जाहीर न झालेली माहिती वैध कारणाशिवाय दुसऱ्याला देणे आणि ती मिळवणे, दोन्हींवर बंदी आहे. तसा व्यवहार केल्यास सेबी कायद्याच्या कलम १५जी नुसार किमान १० लाख रुपयांपासून २५ कोटी किंवा नफ्याच्या तिप्पट, यांपैकी जे जास्त असेल तिथपर्यंत दंड होऊ शकतो. 'माझा मेहुणा त्या कंपनीत अकाउंट्सला आहे, निकाल जबरदस्त येणार आहे' असे लग्नाच्या पंगतीत सांगितले जाते, ते म्हणूनच वाटते तितके निरुपद्रवी नसते.

फुकट टिप देणाऱ्याला काय मिळते?

सामान्य माणसाचे सर्वाधिक नुकसान खऱ्या आतल्या बातमीने होत नाही, ते खोट्या टिपने होते. तिची रीत समजून घेण्यासाठी एक कल्पित उदाहरण घेऊ. फारसा खरेदी-विक्री नसलेला एक शेअर २० रुपयांना आहे. एक टोळी गुपचूप पाच लाख शेअर एक कोटी रुपयांत गोळा करते. मग टेलिग्राम आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर 'लक्ष्य ६० रुपये, फक्त आपल्या सदस्यांसाठी' अशी टिप सोडली जाते. लोक तुटून पडतात, भाव ३८ वर जातो. टिप खरी ठरली असे वाटून आणखी लोक घेतात. त्याच वेळी टोळी सरासरी ३५ रुपयांना आपले सगळे शेअर त्यांनाच विकते आणि ७५ लाख रुपये नफा घेऊन बाहेर पडते. त्यानंतर रोज लोअर सर्किट लागते. विकायचे असते, पण घेणारा नसतो. टिप फुकट होती, कारण टिप घेणाराच गिऱ्हाईक होता.

'पण त्याच्या पाचही टिप्स बरोबर आल्या' असा अनुभव सांगणारेही भेटतात. त्यामागे साधे गणित असू शकते. १,०२४ जणांपैकी निम्म्यांना 'शेअर वाढेल' आणि निम्म्यांना 'पडेल' असे कळवायचे. ज्यांच्या बाबतीत चुकले त्यांना सोडून द्यायचे आणि उरलेल्या ५१२ जणांचे पुन्हा दोन गट करायचे. असे पाच वेळा केले की ३२ जण असे उरतात, ज्यांना सलग पाच टिप्स अचूक मिळालेल्या असतात. मग त्यांच्याकडे 'प्रीमियम' ग्रुपचे पैसे मागितले जातात. चुकलेल्या ९९२ जणांचा पत्ता या ३२ जणांना कधीच लागत नाही.

सेबीच्या सप्टेंबर २०२४च्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स आणि ऑप्शन्समध्ये व्यवहार करणाऱ्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के तोट्यात होते आणि त्यांचा एकत्रित तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक होता. पुढच्या, म्हणजे २०२४-२५ या वर्षातही ९१ टक्के तोट्यातच राहिले. इतक्या झटपट आणि अचूक टिप्स खरोखर उपलब्ध असत्या, तर हे आकडे असे नसते.

टिप देणारा अधिकृत आहे हे कसे तपासावे?

शेअरविषयी मोबदला घेऊन सल्ला द्यायचा तर सेबीकडे नोंदणी लागते. गुंतवणूक सल्लागाराचा नोंदणी क्रमांक 'आयएनए' या, तर रिसर्च ॲनालिस्टचा 'आयएनएच' या इंग्रजी अक्षरांनी सुरू होतो. सेबीच्या संकेतस्थळावर त्या क्रमांकासमोर कुणाचे नाव आहे ते पाहता येते. भामटे दुसऱ्याचा खरा क्रमांक वापरतात, म्हणून नुसता क्रमांक पुरेसा नाही, नावही जुळले पाहिजे. १ ऑक्टोबर २०२५ पासून नोंदणीकृत मध्यस्थांसाठी 'व्हॅलिड' हा शब्द असलेले खास यूपीआय हँडल आणि ते पडताळण्यासाठी 'सेबी चेक' ही सोय सुरू झाली आहे.

'आम्ही टिप देत नाही, फक्त शिकवतो' ही पळवाटही आता अरुंद झाली आहे. २९ जानेवारी २०२५च्या परिपत्रकानुसार, केवळ शिक्षण देत असल्याचे सांगणाऱ्याने शेअरच्या भावी किमतीविषयी बोलताना मागील तीन महिन्यांतील बाजारभाव वापरता येत नाहीत. ठरावीक परताव्याची हमी कोणताही नोंदणीकृत सल्लागार देऊ शकत नाही. हमी दिली जात असेल तर पुढे काही तपासण्याची गरजच उरत नाही. पैसे गेलेच तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर जितक्या लवकर कळवले जाईल, तितकी रक्कम मध्येच गोठवली जाण्याची शक्यता वाढते.

पोलिसांना टिप देणाऱ्याला संरक्षण असते का?

गुन्ह्याची खबर कुठून मिळाली हे सांगण्याची सक्ती पोलीस अधिकाऱ्यावर करता येत नाही. जुन्या पुरावा कायद्याच्या कलम १२५ मधली ही तरतूद आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३१ मध्ये आहे. खबऱ्याचे नाव फुटले तर त्याच्या जिवावर बेतू शकते आणि पुढे कुणी खबर देणार नाही, हा त्यामागचा विचार. सरकारी खाती खबरीसाठी बक्षीसही देतात. इनसायडर ट्रेडिंगची माहिती देणाऱ्यांसाठी सेबीने २०१९ मध्ये योजना आणली आणि २०२१ मध्ये बक्षिसाची कमाल मर्यादा एक कोटीवरून १० कोटी रुपये केली. म्हणजे बेकायदा टिपची टिप देणाऱ्यालाही टिप मिळू शकते!

उलट दिशेची टिप मात्र नियमभंग ठरते. एखाद्या खातेदाराच्या संशयास्पद व्यवहाराचा अहवाल बँकेने यंत्रणेला पाठवला असेल, तर ते त्या खातेदाराला कळवणे रिझर्व्ह बँकेच्या केवायसी नियमांनुसार निषिद्ध आहे. या प्रकाराला 'टिपिंग ऑफ' असेच नाव आहे. चोराला सावध करणे, हा त्याचा साधा मराठी अर्थ.

टिप आली की काय विचारावे?

पहिला प्रश्न : देणाऱ्याला यातून काय मिळते? शेजारच्या काकूंनी लोणच्याला बुरशी येऊ नये म्हणून सांगितलेल्या युक्तीत त्यांना काही मिळत नाही, त्यामुळे ती निर्धास्त घ्यावी. अनोळखी माणूस कोट्यवधींची गुपिते फुकट वाटत असेल, तर त्याला काही तरी नक्कीच मिळते.

दुसरा प्रश्न : टिप चुकली तर नुकसान कुणाचे? भाजी बिघडली तर एक वेळचे जेवण जाते. शेअरची टिप चुकली तर आयुष्यभराची बचत जाऊ शकते आणि ती देणाऱ्याचे काहीच जात नाही.

तिसरा प्रश्न : याला मराठीत काय म्हणता येईल? कानमंत्र, बक्षिसी, पोस्त, खबर यांपैकी शब्द सहज सुचला तर हरकत नाही. चिरीमिरी किंवा आमिष हा शब्द मनात आला, तर हात आखडता घ्यावा आणि मोबाइल बाजूला ठेवावा.